चक्कर, भोवळ, घेरी की अंधारी?

टिळकवाडीचा अनुवादक:
मी बेळगावात वैद्यकीय कागदपत्रांचे मराठी भाषांतर करतो. सध्या हाती असलेली प्रश्नावली मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी, म्हणजे एमएसए, या आजाराच्या रुग्णांसाठी आहे. या आजारात रक्तदाब, लघवी, घाम अशा आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या क्रियांवरचा ताबा सुटत जातो. माणूस उभा राहिला की तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष धरतात. पहिलाच प्रश्न असा आहे की, गेल्या आठवड्यात डिझिनेस, लाइटहेडेडनेस, शुद्ध हरपेल असे वाटणे किंवा डोळ्यांपुढे काळोख येणे यांचा त्रास ० ते १० पैकी किती झाला. चार संवेदना, पण आकडा एकच. मी सुटसुटीत वाटावे म्हणून ‘चक्कर’ एवढाच शब्द ठेवला आणि मसुदा ओळखीच्या एका रुग्णाला वाचून दाखवला. निपाणीकडचे तंबाखूचे शेतकरी आहेत. त्यांनी शून्य सांगितले. शेजारी बसलेली त्यांची बायको म्हणाली, “अहो, रोज उठताना भिंत धरतासा की!” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “ती चक्कर नव्हं, आंधारी.” आता मी कोणता शब्द घालावा?

निपाणीच्या निवृत्त शिक्षिका:
मुळात ‘चक्कर’ हा हिंदीतून आलेला शब्द वापरण्याची गरजच काय, हे मला कळलेले नाही. आपल्याकडे ‘भोवळ’ हा उत्तम शब्द आहे. भोवरा, भोवणे, भोवती हे सगळे त्याच घरातले. माझी आजी चक्कर हा शब्द फक्त बाजाराला चक्कर मारण्यासाठी वापरत असे.

संकेश्वरकर:
बाई, आदर राखून असहमती नोंदवतो. ‘चक्र’वरूनच ‘चक्कर’ झाले. तेव्हा तो परका कसा? शिवाय आमच्या भागात कन्नड बोलणारा माणूससुद्धा ‘चक्कर बंतु’ म्हणतो. दोन्ही भाषांना चालणारा शब्द सीमाभागात हाकलून देणे परवडणारे नाही. आपण इथे आधीच पुरेशा गोष्टी हाकलल्या आहेत.

खानापूरचे डॉक्टर:
शब्दाचे कूळ पाहण्याआधी तो शरीरात कुठे लागतो ते पाहावे, अशी विनंती आहे. चक्कर आणि भोवळ या दोन्हींत फिरणे आहे. खोली फिरते, छत गरगरते, आणि हा त्रास बहुधा कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाचा असतो. एमएसएच्या रुग्णाचे तसे नसते. उभे राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. निरोगी माणसात चेतातंतू लगेच रक्तवाहिन्या आवळून घेतात. या रुग्णांत तो हुकूमच पोहोचत नाही आणि मेंदूला रक्त कमी पडते. त्यांची खोली फिरत नाही, विझत जाते. त्या शेतकऱ्याने केलेला फरक माझ्या मते अचूक आहे.

दुसरी अडचण याहून वाईट आहे. एमएसएच्या एका प्रकारात लहान मेंदू झिजतो आणि चालताना झोक जातो. त्याचा रक्तदाबाशी संबंध नसतो, पण आमचे रुग्ण त्यालाही ‘चक्कर’च म्हणतात. म्हणजे या एका शब्दाने मोजायचे ते सुटते आणि मोजायचे नाही ते आत येते.

हा काथ्याकूट नव्हे. ड्रॉक्सिडोपा या औषधाला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली, तीच मुळी उभे राहताना होणाऱ्या या संवेदनांसाठी. ॲम्प्रेलॉक्सेटिन या औषधाच्या सिक्वोया चाचणीत तर मुख्य निकष नेमका हाच प्रश्न होता, आणि २०२१ साली निकाल आला तेव्हा चार आठवड्यांनंतर औषध आणि बिनऔषधी गोळी यांत अपेक्षित फरक दिसला नाही. ती चाचणी शब्दामुळे फसली असे मी म्हणत नाही. पुढच्या अभ्यासात एमएसएच्या रुग्णांना त्याचा फायदा होत असावा अशी चिन्हे दिसली, म्हणून नंतरची चाचणी फक्त त्यांच्यासाठी आखली गेली. एमएसएमध्ये हुकूम देणारा वरचा मार्ग बिघडतो, पण शेवटचे चेतातंतू बरेचसे शाबूत राहतात. त्यांच्या टोकाशी सुटलेले नॉरएपिनेफ्रिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळायला लावणारे रसायन, परत शोषले जाऊ नये, एवढेच हे औषध पाहते. एवढी नेमकी कल्पना ज्या आकड्यावर तोलायची, तो आकडा रुग्ण आपल्या शब्दावरून सांगत असतो.

निपाणीच्या निवृत्त शिक्षिका:
डॉक्टरांचे म्हणणे मान्य केले तरी ‘घेरी’ उरतेच. ‘घेरणे’ म्हणजे चारी बाजूंनी वेढणे. अंधाराने वेढले, की घेरी आली. यात फिरणे कुठेही नाही.

संकेश्वरकर:
‘घेर’ म्हणजेच गोल, बाई. घागऱ्याचा घेर फिरतोच. आमच्या घरी घेरी आली म्हणजे माणूस खाली पडलेला असायचा आणि झीट आली म्हणजे कांदा फोडून नाकाला लावायचे. कन्नडमध्ये मात्र डॉक्टरांचा फरक आधीपासून आहे. ‘तले तिरुगु’ म्हणजे डोके फिरणे आणि ‘कण्णिगे कत्तले’ म्हणजे डोळ्यांना काळोख. शेतकऱ्याची ‘आंधारी’ त्याच घरातली वाटते.

येळ्ळूरचा वाचक:
मी वेगळाच मुद्दा मांडतो. आमच्या मामांना हा आजार झाला तेव्हा कुणीतरी चिठ्ठीवर मराठीत ‘बहुसंस्था अपक्षय’ असे लिहून दिले. घरच्यांनी त्यातला फक्त ‘क्षय’ वाचला आणि मामांचे ताट, तांब्या, अंथरूण वेगळे केले. ते चार महिने तसेच जेवले. ‘शोष’ म्हणावे तर वैद्यकीत तोही शब्द क्षयाकडेच झुकतो. १९६० साली शाय आणि ड्रेगर यांनी वर्णन केल्यावर रूढ झालेले ‘शाय-ड्रेगर’ हे जुने नाव मला म्हणूनच बरे वाटते. त्याचा अर्थ कुणाला कळत नाही आणि त्यामुळे कुणी ताट वेगळे करत नाही.

निपाणीच्या निवृत्त शिक्षिका:
‘ऱ्हास’ म्हणा. अर्थ कळावा म्हणूनच भाषांतर असते, माणसांना अंधारात ठेवण्यासाठी नव्हे.

टिळकवाडीचा अनुवादक:
कळवतो की, मी ‘अंधारी’ घालून मसुदा पाठवला होता. नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाने त्याचे मराठीतून पुन्हा इंग्रजी केले. ते सद्गृहस्थ पुण्याचे असावेत. त्यांनी ‘दृष्टी मंद होणे’ असे केले आणि कागद लाल शेऱ्यासह परत आला. आता मी ‘उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, डोके हलके होणे किंवा आता पडू असे वाटणे’ असे लांबलचक लिहिले आहे. ‘चक्कर’ ठेवावी की काढावी हे अजून ठरत नाही, कारण इंग्रजीत डिझिनेस पहिला आहे आणि तो गाळण्याचा मला अधिकार नाही.

खानापूरचे डॉक्टर:
‘डोके हलके होणे’ काढा. आमच्याकडे डोके हलके झाले म्हणजे माणसाला बरे वाटले.

संकेश्वरकर:
आणि प्रश्नावलीच्या शीर्षकातला ‘स्वायत्त’ही पुन्हा पाहा. परवा एका रुग्णाच्या मुलाने मला विचारले की, हे स्वायत्त कॉलेजसारखे काही आहे का.

निपाणीच्या निवृत्त शिक्षिका:
‘स्वायत्त’ला काय झाले? दहा वर्षे मी मुलांना ‘स्वायत्त चेतासंस्था’ शिकवली.