अंगभूत फ्लॅश आवरावा कसा? माटोळी पांढरी पडते आणि समया विझल्यासारख्या दिसतात

कुळागर (फोंडा) यांचा प्रश्न

यंदा चवथीला घरच्या गणपतीचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कॅमेरा निकॉन डी ५६०० असून सोबत मिळालेली १८-५५ मिमीची लेन्स वापरतो. अंगणातून येता-जाता पावसाचे थेंब काचेवर पडू नयेत म्हणून तिच्यावर हूड (लेन्सच्या तोंडाशी बसणारे संरक्षक कडे) कायम चढवलेला असतो. डायल हिरव्या ऑटोवर असल्यामुळे काल आरतीच्या वेळी बटण अर्धे दाबताच फ्लॅश आपोआप वर येत होता. नंतर फोटो पाहिले तेव्हा मन खट्टू झाले. माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीच्या) पुढच्या अंगाला बांधलेले सुपारीचे घोस आणि तोरिंजन (लिंबाच्या जातीचे मोठे फळ) कागदासारखे पांढरे पडले आहेत, मूर्तीचा चेहरा सपाट दिसतो, मागच्या भिंतीवर काळ्या सावल्यांची जाळी उमटली आहे आणि दोन्ही समया तेवत असूनही विझल्यासारख्या वाटतात. शिवाय काही फोटोंत खालच्या कडेला मधोमध अर्धगोल काळोख आहे, त्याचे कारण मला उमगलेले नाही. फ्लॅश पूर्ण बंद केला तर फोटो हलतात. फ्लॅशवर टिश्यू कागद चिकटवून पाहिला, पण फरक पडला नाही. वेगळा फ्लॅश घेणे सध्या परवडणारे नाही. आमचा गणपती पाच दिवसांचा असल्याने तीन संध्याकाळी अजून हाताशी आहेत; तेवढ्यात काही सुधारता येईल का?

सांजवात (मडगाव)

अर्धगोल काळोख हा तुमच्या हूडचा प्रताप आहे. अंगभूत फ्लॅश लेन्सच्या जेमतेम वर असतो आणि १८ मिमीवर हूड त्याच्या प्रकाशाच्या आड येतो. घरात फोटो काढताना हूड उतरवून ठेवावा आणि विषयापासून निदान ६० सेंटिमीटर दूर राहावे.

टिश्यूने फरक का पडला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. टीटीएल पद्धतीत, म्हणजे लेन्समधून आत आलेला प्रकाश मोजण्याच्या पद्धतीत, कॅमेरा खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीक लखलखाट सोडतो, तो परतून किती येतो ते मोजतो आणि त्यावरून मुख्य फ्लॅशची ताकद ठरवतो. तुम्ही कागद लावून प्रकाश अडवलात की कॅमेरा तेवढाच जादा प्रकाश फेकून ती भर काढतो. कागद फ्लॅशला चिकटूनच असल्याने प्रकाशाचा उगम होता तेवढाच लहान राहतो, म्हणून सावल्यांची कडाही मऊ होत नाही.

आता मूळ मुद्दा. फ्लॅश लावून काढलेल्या एका फोटोत दोन वेगवेगळे प्रकाश नोंदले जातात. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, त्यामुळे शटर किती वेळ उघडे आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. समईचा आणि खोलीतल्या दिव्यांचा प्रकाश मात्र शटर जितका वेळ उघडे राहील तितका साठत जातो. डी ५६०० वर पी (छिद्र आणि शटर दोन्ही कॅमेरा ठरवतो) किंवा ए (छिद्र आपण ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो) मोडमध्ये साधा फ्लॅश लावला, तर कॅमेरा शटरला १/६० सेकंदाहून संथ होऊच देत नाही, आणि एवढ्या वेळात समईचा उजेड पुरेसा पोहोचत नाही. ही अडवणूक काढण्यासाठी ए मोडमध्ये फ्लॅशचे बटण दाबून धरून डायल फिरवावी आणि ‘स्लो’ असे लिहिलेला प्रकार निवडावा. मग कॅमेरा गरजेप्रमाणे शटर संथ करतो. त्यानंतर फ्लॅशचे आणि एक्स्पोजर भरपाईचे अशी दोन्ही बटणे एकत्र दाबून धरून डायल फिरवली, की फ्लॅशची भरपाई, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेली फ्लॅशची ताकद कमी-जास्त करण्याचे माप, तेवढी बदलते. ही भरपाई -३ पासून +१ पर्यंत जाते. -१.३ ने सुरुवात करून पाहावी. पी, एस, ए आणि एम या मोडमध्ये फ्लॅश बटण दाबल्याशिवाय वर येत नाही, म्हणून हिरव्या ऑटोला पाच दिवस सुट्टी दिलेलीच बरी.

अबोली (पेडणे)

मी थोडे विरुद्ध मत मांडते. देवापुढचा उजेड हाच फोटोचा विषय असेल, तर तिथे फ्लॅश हवाच कशाला? कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा नुसत्या स्टुलावर पक्का ठेवून, दोन सेकंदांचा टायमर लावून, अर्ध्या सेकंदाचे शटर दिले तर मूर्ती आणि माटोळी दोन्ही स्थिरच असतात. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडतात, तेव्हा काठावरून शेकडो फ्लॅश लखलखताना दिसतात. त्यांतला एकही नौकेपर्यंत पोहोचत नाही, पुढच्या माणसाची मान मात्र उजळते.

मांडवीकाठ (पणजी)

मूर्तीपुरते अबोलीताईंचे म्हणणे मान्य आहे, पण आरती म्हणणारी माणसे अर्धा सेकंद स्थिर राहत नाहीत, आणि प्रश्न आरतीच्या वेळचा आहे.

फ्लॅशच्या पल्ल्याचा हिशेब सोपा आहे. या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा गाइड नंबर (ताकदीचे माप) आयएसओ १०० ला मीटरमध्ये साधारण १२ आहे; आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता. त्याला एफ क्रमांकाने (लेन्सच्या छिद्राच्या मापाने) भागले की पल्ला मिळतो, म्हणजे एफ/४ ला ३ मीटर. आयएसओ चौपट केला की पल्ला दुप्पट होतो. आयएसओ ८०० वर तोच पल्ला साडेआठ मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे दोन मीटरवरच्या मूर्तीसाठी फ्लॅशला आपल्या ताकदीचा लहानसा अंशच खर्च करावा लागतो आणि पुढच्या फोटोसाठी तो लवकर तयार होतो.

तुमचे तोरिंजन पांढरे पडण्याचे कारणही अंतरातच आहे. माटोळी कॅमेऱ्यापासून एक मीटरवर आणि मूर्ती दोन मीटरवर असेल, तर माटोळीवर मूर्तीच्या चौपट प्रकाश पडतो. फ्लॅश कितीही कमी केला तरी हे प्रमाण बदलत नाही. ते बदलायला तुम्हालाच मागे सरकावे लागेल. मूर्तीपासून तीन मीटरवरून झूम करून काढल्यास माटोळी दोन मीटरवर येईल आणि चौपटीऐवजी जेमतेम सव्वादोन पट फरक राहील.

फ्लॅशपुढे तिरके पांढरे कार्ड धरून प्रकाश छतावर उडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सपाट पांढऱ्या स्लॅबच्या घरात चालतो. जुन्या घरात वर मंगळुरी कौले आणि काळवंडलेले वासे असतील, तर प्रकाश तिथेच जिरतो आणि परत येईल तो तांबूस होऊन येतो. त्याऐवजी नारिंगी पारदर्शक जिलेटीन कागदाचा तुकडा फ्लॅशवर लावून व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार फोटोचा रंग सावरणारी सोय) बल्बच्या चिन्हावर ठेवावा. फ्लॅशचा रंग दिवसाच्या उजेडासारखा, ५५०० केल्विनच्या आसपास असतो आणि समईची वात २००० केल्विनच्या घरात (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). नारिंगी कागदाने दोन्ही बरेच जवळ येतात. कागद पूर्ण अपारदर्शक नाही ना, हे तेवढे पाहावे.

मागे आरसे किंवा चमकीचे मखर असेल, तर अगदी समोर उभे राहू नये. दोन पावले बाजूला सरकले की चमक कॅमेऱ्याकडे न येता दुसरीकडे जाते.

कुळागर (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हूड काढून, तीन मीटर मागे ओटीच्या उंबऱ्यावर उभे राहून, ए मोडमध्ये एफ/५.६, आयएसओ ८००, ‘स्लो’ फ्लॅश आणि -१.३ भरपाई एवढे ठेवले. कॅमेऱ्याने शटर १/१० दिले. समयांचा पिवळा उजेड मूर्तीच्या डाव्या गालावर दिसतो आणि तोरिंजनाचा हिरवा रंग परत आला आहे. नारिंगी कागद जुन्या दिवाळीच्या आकाशकंदिलातून कापून घेतला. भिंतीवरच्या सावल्या आहेत, पण फिक्या. एकच गोष्ट खटकते. आरतीचे तबक ओवाळणाऱ्या आईचा हात स्पष्ट आला आहे, पण निरांजनाच्या ज्योतीची रेघ हाताच्या पुढे पळत गेलेली दिसते, जणू ज्योत तबक सोडून निघाली आहे.

सांजवात (मडगाव)

फ्लॅश शटर उघडताच पडतो आणि ज्योत त्यानंतर उरलेला वेळ रेघ ओढत राहते, म्हणून ती हाताच्या पुढे गेली. फ्लॅशच्या त्याच बटणाने डायल आणखी फिरवून ‘स्लो’सोबत ‘रिअर’ लिहिलेला प्रकार निवडावा. मग फ्लॅश शटर मिटण्याच्या क्षणी पडेल आणि रेघ तबकाच्या मागे राहील. मात्र त्या प्रकारात बटण दाबल्यापासून फ्लॅश पडेपर्यंत क्षणभर जातो, तेव्हा तबक वर चढू लागताच बटण दाबावे. माथ्यावर पोहोचल्यावर दाबले तर उशीर होतो.