मदत हवी आहे: हॅरोचे दोन तवे नवे टाकले, तरी तिसरा तडकला

गोदाकाठ (परभणी): ट्रॅक्टरमागे ओढायच्या हॅरोचे पुढचे दोन तवे (ढेकळे फोडणाऱ्या पोलादी चकत्या) फुटल्यामुळे मी गेल्या आठवड्यात मोंढ्यातून दोन नवे आणून बसवले; परंतु तीन एकर पाळी होते न होते तोच जुन्यांपैकी आणखी एक तवा मधल्या भोकापासून तडकला. मृगाला पंधरा दिवस राहिले आहेत आणि कापसाची पऱ्हाटी काढलेले रान तसेच पडून आहे. काळ्या जमिनीत टिकणारे तवे कोणत्या कंपनीचे घ्यावेत, एवढेच कृपया लवकर सांगावे.

ढेकूळ: कंपनीचे नंतर पाहू. हॅरो किती तव्यांचा आहे, ट्रॅक्टर किती एचपीचा आहे आणि जुने तवे झिजून किती इंचांचे राहिले आहेत?

रोटा_लातूर: मी हॅरो विकून रोटाव्हेटर घेतला. एका पाळीत रान पेरणीजोगे होते. तव्यांची कटकटच नको.

वखरपाळी: दरवर्षी रोटाव्हेटरच फिरवला की वरची माती पिठासारखी होते, खाली कडक थर बसतो आणि पहिल्या जोराच्या पावसानंतर पापुद्रा धरून सोयाबीन वर येत नाही, हे आपणही पाहिले असेल. शिवाय प्रश्न तव्यांचा आहे.

सातबारा: नव्या हॅरोच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो.

गोदाकाठ: नवा हॅरो घ्यायचा असता तर हा धागा काढला नसता. हॅरो १४ तव्यांचा, ट्रॅक्टर ५० एचपीचा. नवे तवे २२ इंची आहेत. जुनेही घेतले तेव्हा २२ इंचीच होते.

ढेकूळ: दादा, ‘घेतले तेव्हा’ हीच तर अडचण आहे. तव्याच्या कडेवरून सुतळी गुंडाळून घेर मोजा. २२ इंची तव्याचा घेर सुमारे ६९ इंच भरतो, झिजून २० इंची झालेल्याचा ६३. एका दांड्यावरचे सातही तवे एकदमच फिरतात, त्यामुळे दर फेऱ्याला सहा इंचांची ओढाताण होते आणि मोठ्या तव्यावर भार येतो. बदलायचे तर त्या दांड्यावरचे सगळेच बदलावेत.

वेल्डिंग_जालना: सगळे कशाला? तडा भरून घ्या. माझा तवा दोन हंगाम चालला.

वखरपाळी: आपले नशीब चांगले. तवा पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पाणी उतरते आणि पुढचा तडा टाक्याच्या शेजारीच जातो. पण भोकापासून तडकला याचा अर्थ मला वेगळा वाटतो. दोन तव्यांमधल्या स्पूलचे एक तोंड फुगीर आणि दुसरे खोलगट असते. ते उलटे बसले तर तवा मध्ये अधांतरी राहतो. दांड्याच्या टोकाचा नट किती वेळा आवळला?

गोदाकाठ: आज मोजले. जुने ६३, नवे ६९. एक स्पूल खरोखरच उलटा होता, बसवणाऱ्या मुलाने घाईत लावला असावा. बसवल्या दिवसानंतर नट पुन्हा आवळलाच नव्हता. चौकोनी भोकाचे कोपरे गोल होऊ लागले आहेत. आता पुढच्या दांड्यावर सातही तवे २२ इंची, कातरलेल्या कडांचे टाकतो. मागचे साधे तवे सारखेच झिजले आहेत, ते राहू देतो. मात्र नट सुटत नाही, पान्याला चार फुटी पाईप लावूनही हलत नाही.

ढेकूळ: नट फिरू नये म्हणून त्याखालच्या वॉशरची पट्टी दुमडलेली असते, ती आधी सरळ केली का?

गोदाकाठ: नाही. चिखलाखाली ती दिसलीच नव्हती.