"शिकाऊ पायलटची चूक" म्हणून सीप्लेनचा विषय मिटवू नका

रत्नागिरीकर:
परवा इथे एकाने परदेशातल्या ट्रेनिंग सीप्लेनचा व्हिडिओ टाकलाय, पाण्याला टेकताच विमान नाकावर जाऊन उलटं होतं तो. वर लिहिलंय, "शिकाऊ होता, चाकं वर घ्यायची विसरला, विमानाचा काय दोष, मालवणात सीप्लेन आलंच पाहिजे." गप्प बसणार होतो पण राहवलं नाही. शेजारी इन्स्ट्रक्टर होता ना? त्यालाही दिसलं नाही, मग एकट्या पोरावर खापर कशाला? धावपट्टी आणि पाणी दोन्हीवर उतरणाऱ्या विमानात हा धोका कायमचाच आहे. चाकं वर ठेवून धावपट्टीवर उतरलात तर बहुतेक वेळा तळ खरवडतो, माणसं चालत बाहेर येतात. पण चाकं खाली आणि समोर पाणी असेल तर विमान पालथं. म्हणून दर वेळी उतरताना मोठ्याने बोलायचं असतं, "पाणी आहे, चाकं वर", आणि दोघांनी डोळ्यांनी खात्री करायची. ट्रेनिंगमध्ये एकदा धावपट्टी एकदा पाणी असं चालू असतं, तिथेच घोळ होतो.

आणि खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आदळण्यातून वाचलेली माणसं आत अडकून बुडतात. २००९ ला कॅनडात सॅटर्ना बेटाजवळ बीव्हर जातीचं छोटं सीप्लेन पडलं, ८ जणांतले ६ बुडाले, दरवाजे अडकले होते. मी मुंबई हायला, समुद्रातल्या तेलविहिरींवर, कामाला होतो, हेलिकॉप्टरने जायचं म्हणून पाण्याखालून सुटायचं ट्रेनिंग आम्हाला सक्तीचं. केबिनचा सांगाडा तलावात सोडतात आणि उलटा करतात. नाकात पाणी, वर कुठे खाली कुठे काही कळत नाही. एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट, सांगाडा थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, आधी सोडलात तर तरंगत भलतीकडे जाता. चांगले पोहणारे तिथे घाबरलेले बघितलेत मी. आपल्याकडे सीप्लेन आणणाऱ्यांच्या तोंडून हे ट्रेनिंग कधी ऐकलंय का कुणी?

अनिकेत, ठाणे:
व्हिडिओ मीच टाकला होता. मालदीवमध्ये रोज सीप्लेन उडतात, लोक मजेत फिरतात, आपल्यालाच सगळ्याची भीती. मुंबई-गोवा हायवेवर किती माणसं जातात ते बोला ना! २०११ पासून काम चालू आहे आणि अजून खड्डे. माझ्या वडिलांना रात्री अटॅक आला, सावंतवाडीहून गोव्याला नेताना ॲम्ब्युलन्समध्ये आमचं काय झालं ते आम्हालाच माहीत. कोकणात काही नवीन यायचं म्हटलं की आधी विरोध.

रत्नागिरीकर:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण सीप्लेन सहसा दिवसाउजेडीच पाण्यावर उतरतं, त्या रात्री त्याचा उपयोग झाला नसता. आणि विरोध कोण करतंय? नीट वाचा तरी.

देवबागचो रापणकार:
ट्रेनिंग करतले खय? आमच्याच खाडीत ना? कर्लीच्या खाडीत ओहोटीक वाळू वर येता, जाळ्यांचे बोये तरंगत असतत, वरसून कोणाक दिसतले? केरळात अष्टमुडीच्या तलावात २०१३ साली ह्याच झाला, मच्छीमार उभे रवले नि सीप्लेन अडला. गेटवेचा विसारलास काय? डिसेंबर २०२४, नेव्हीची स्पीडबोट इंजिनाची ट्रायल घेत होती नि प्रवासी बोटीक धडाकली, १५ जण गेले. ट्रायल काय नि ट्रेनिंग काय, रिकाम्या पाण्यात घेवक व्हयी.

स्मिता, दापोली:
गेटवेचं नाव काढलंत म्हणून बोलते. लाइफ जॅकेटचं काय? गेल्या दिवाळीत किल्ल्यावर जायला बोटीत बसलो, जॅकेटं छताला गाठ मारून बांधलेली, बकल तुटलेली. लेकीसाठी मागितलं तर म्हणे पाणी शांत आहे ताई. मे २०२२ ला तारकर्लीत बोट उलटून दोन पर्यटक गेले तेव्हाही चार दिवस सगळे बोलले. विमानाचं नंतर बघा, आधी होड्या सुधारा.

देवबागचो रापणकार:
ओ बाई, सगळ्यांका एकाच मापात मोजू नको. माझो भाव होडी चालयता, जॅकेट घातल्याशिवाय सोडना नाय. तुमचेच लोक फोटो बिघाडता म्हणान मधीच काढून ठेयतत, मगे शिव्या आमका!

स्मिता, दापोली:
मी भावाबद्दल बोललेच नाही. जॅकेट काढलं तर होडी परत वळवा. पैसे घेता तर जबाबदारी तुमचीच.

अनिकेत, ठाणे:
बघा, म्हणजे जॅकेट घातलं की झालं, बोटीत काय आणि सीप्लेनमध्ये काय.

रत्नागिरीकर:
नाही हो अनिकेत, इथेच माणसं मरतात! होडीतलं फोमचं जॅकेट उघड्या होडीत चांगलं. तेच बंद केबिनमध्ये घातलंत आणि आत पाणी भरलं तर ते तुम्हाला वर दाबून धरतं, दारातून खाली बुडी मारून निघता येत नाही. विमानात फुगवायचं जॅकेट लागतं, ते अंगावर घातलेलं पाहिजे आणि बाहेर पडल्यावरच फुगवायचं. १९९६ ला इथिओपियाचं अपहरण झालेलं विमान कोमोरोसजवळ समुद्रात उतरलं, कित्येकांनी आतच जॅकेटं फुगवली आणि तिथेच अडकले. १७५ पैकी १२५ गेले.

देवबागचो रापणकार:
ह्या मात्र खरा. होडी पालथी झाली तरी असाच, ताडपत्रीखाली फोमवालो अडाकता. आणि आणखी एक, ऑक्टोबरात वारो पडलो की सकाळची खाडी आरसो होता, पाणी खय सुरू झाला ताच कळना नाय. पायलटाक कळतला?

रत्नागिरीकर:
नाही कळत, भल्याभल्या पायलटांना उंची समजत नाही. म्हणून तसल्या पाण्यात अंदाजाने उतरायचं नसतं. किनारा बाजूला ठेवून, इंजिनाची पॉवर चालू ठेवून, एकाच संथ गतीने खाली येत राहायचं, पाणी आपोआप लागेपर्यंत. शिकाऊला हे मुद्दाम शिकवावं लागतं.

अनिकेत, ठाणे:
बरं बाबा, सुटायच्या ट्रेनिंगचं आणि जॅकेटचं पटलं, लिहून घ्या. पण मुंबईत गिरगाव चौपाटीवर २०१७ ला सीप्लेनची ट्रायल झाली, गुजरातेत २०२० ला सेवा सुरू होऊन बंद पडली, सगळीकडे अटीच घालत बसलो तर इथे पाच वर्षं विमान दिसणार नाही.

रत्नागिरीकर:
नाही दिसलं तर नाही दिसलं. पायलट, इन्स्ट्रक्टर, शिकाऊ, तिघांना पाण्याखालून सुटायचं ट्रेनिंग सक्तीचं, बाहेर ढकलून निघणाऱ्या खिडक्या, आणि उतरण्याच्या पट्ट्यात विमान येण्याआधी फेरी मारणारी बोट. एवढं झाल्याशिवाय मी तरी घरच्यांना बसू देणार नाही.

देवबागचो रापणकार:
आणि जाळी तुटली तर भरपाई कोण देतलो, ता पयला लिवन देवा.