मदत हवी आहे: वाऱ्यात पडलेल्या जुन्या फणसाचा देव्हारा आणि पखवाजाचं खोड होईल का?

माजघर

नमस्कार मंडळी,

लांजा तालुक्यात आमचं घर आहे. घरामागचा कापा फणस अवकाळी वाऱ्यात मुळासकट आडवा झाला. झाड आजोबांच्याही आधीचं. बुंध्याचा घेर सात फुटांच्या वर आणि पहिल्या फांदीपर्यंत सरळ खोड नऊ फूट तरी आहे. लाकडाचा एक व्यापारी बघून गेला. तो जळाऊ लाकडाच्या भावात मागतोय, शिवाय तोडणावळ आमच्यावर. बाबांनी ठाम नकार दिला.

त्यांच्या मनात दोन गोष्टी आहेत. एक, देवघरातला देव्हारा कसरीनं खाल्लाय, तर नवा ह्याच झाडाचा करायचा. दुसरी, पखवाजाचं खोड, म्हणजे वाद्याचं लाकडी पोकळ अंग. बाबा गावच्या भजनात पखवाज वाजवतात. आत्ताचा शिसवाचा आहे, आवाजाला सुंदर, पण वजनाला भारी. सत्तरी ओलांडल्यावर तो गळ्यात अडकवून दिंडीत चालणं त्यांना झेपत नाही. फणसाचा हलका होईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

आमच्या जुन्या घरात प्रत्येक कामाचं लाकूड ठरलेलं दिसतं. खांब किंजळीचे, वासे ऐनाचे, मुसळ खैराचं, आणि पुढचं दार व देवाचे पाट फणसाचे. ते दार आता इतकं तांबूस-तपकिरी झालंय की फणसाचं आहे हे सांगावं लागतं. म्हणून देव्हाऱ्याबद्दल फारशी शंका नाही. पखवाजाचं मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

काल एक जाड फांदी कापली. साल, मग दोन बोटं फिकट पांढरा भाग आणि आत हळदीसारखा पिवळाधमक गाभा. चीक इतका की करवतीचं पातं अडकून बसलं, खोबरेल लावून सोडवावं लागलं. आज सकाळी त्याच तोंडावर मधून कडेकडे बारीक चिरा गेलेल्या दिसल्या. पाऊस तोंडावर आहे, म्हणून धीर सुटतोय. खोड आहे तसं ठेवू का, लगेच चिरून घेऊ, की पावसाळा संपेपर्यंत झाकून ठेवू? पखवाजाला किती तुकडा राखावा लागेल? कुणी स्वतः केलं असेल किंवा जवळून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

रंधा

ताई, बाकीचं नंतर. आधी आजच्या आज उघड्या तोंडांना ऑइलपेंटचा जाड थर द्या. घरात मेण असेल तर वितळवून तेही चालेल. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा तोंडातून कितीतरी वेगानं जातं. टोक आधी आक्रसतं, पोट ओलंच राहतं आणि चीर पडते. पूर्वी सुतार तोंडांना शेण थापायचे ते ह्याच कारणानं.

खोड जमिनीला टेकू देऊ नका. खाली दगड किंवा जुने वासे घाला, वर पत्रा टाका, पण बाजू मोकळ्या ठेवा. ताडपत्रीत गुंडाळलंत तर आत वाफ धरून बुरशी येईल आणि पांढरा भाग निळा-काळा पडेल.

अख्खं ठेवायचा विचार सोडून द्या. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेनं जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडून सालीकडे आक्रसतं. ह्या ओढाताणीत गोल ओंडका फुटतो, मग तो फणस असो की साग. मधला केंद्राचा धागा निघाला की ताण सुटतो, म्हणून पावसाआधी चिरून घेणंच बरं.

गिरणीवाल्याला सरळ एकाखाली एक फळ्या पाडू देऊ नका. आधी खोडाचे चार उभे फाळ करा आणि प्रत्येक फाळातून फळ्या काढा. थोडं लाकूड वाया जातं, पण देव्हाऱ्याच्या फळ्या वाकणार नाहीत. जाडी सव्वा इंच ठेवा, वाळून आणि रंधा मारून इंचभर उरेल. फणसात रेषा उलटसुलट जातात, एका बाजूनं गुळगुळीत निघतं आणि परतताना खपल्या उडतात. सुताराला पातं धारदार ठेवून अगदी बारीक कात काढायला सांगा.

फळ्या रचताना मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, दर दीड फुटाला एक, आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या रेषेत. वर दगडांचं वजन. वाऱ्यावर वाळणाऱ्या लाकडाला इंचाला एक वर्ष असा आमच्याकडचा ठोकताळा आहे. कोकणातल्या दमट हवेत त्याहून घाई तर करूच नका.

आणखी एक, झाडाला कधी कपडे वाळवायची तार, खिळे, गोठ्याचं कडं असं काही मारलं होतं का? जुन्या घराजवळच्या झाडात असतंच. पातं तुटलं तर गिरणीवाला पुन्हा तुमचं लाकूड घेणार नाही. सालीवर कुठे गाठ आलीय, कुठे काळा डाग आहे, ते आधी चाचपा.

चौताल

पखवाजाबद्दल सांगतो. माझं शिक्षण पखवाजाचंच आणि खोडं कोरणाऱ्यांकडे बरंच बसलोय.

फणस चालतो, उत्तम चालतो. कर्नाटक संगीतातला मृदंगम् फणसाचाच असतो. तमिळनाडूत पणरुट्टी भागातलं फणसाचं लाकूड त्यासाठी मुद्दाम मागवतात. तंजावरची वीणाही फणसाचीच आणि एकाच ओंडक्यातून कोरलेली एकांड वीणा तर फार मानाची. आपल्याकडे पखवाज आणि तबल्याला शिसव, बिबळा, खैर ही जड लाकडं पसंत करतात. स्वस्तात आंबा. म्हणून फणसाचं कुणी ठामपणे सांगत नसेल, पण वाद्याच्या लाकडांत तो परका नाही.

खोडाला लाकूड घट्ट, बारीक छिद्रांचं आणि निरोगी हवं. नाद पुडीतून, म्हणजे तोंडावरच्या कातड्यातून, आणि तिच्यावरच्या शाईतून येतो. खोडाचं काम त्याला आत धरून ठेवायचं आणि वाद्यांची, म्हणजे पुडी ताणणाऱ्या चामडी पट्ट्यांची, ओढ सोसायची. पोकळ, भुसभुशीत लाकूड नाद पिऊन टाकतं. फणस वाळल्यावर वजनाला साधारण सागाच्या आसपास बसतो. शिसव त्याहून बरंच जड आणि खैर तर वाळूनही पाण्यात बुडायच्या बेताला. त्यामुळे बाबांच्या गळ्यावरचा भार नक्की कमी होईल. आवाज शिसवापेक्षा थोडा मऊ, घुमारा जास्त. भजनाला मला स्वतःला तो आवडतो. ध्रुपदाच्या साथीला तयारीचे वादक कदाचित वेगळं सांगतील.

पखवाजाचं खोड लांबीला दोन-सव्वादोन फूट लागतं. तुकडा मात्र दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट जास्त ठेवून कापा, टोकांना चिरा जाणारच आहेत. गाठ नको, फांदी फुटली ती जागा नको. तो तुकडा वर्षभर तसाच ठेवू नका. कोरणारे ओलसर असतानाच आतून पोकळ करतात, जाडी थोडी जास्तच ठेवतात, मग सावलीत वाळू देतात आणि शेवटचा हात नंतर फिरवतात. मघाशी रंधा यांनी सांगितलं तेच इथे कामाला येतं. केंद्राचा भागच काढून टाकल्यावर फुटायचं कारण उरत नाही.

पाणंद

कागदपत्रांचंही बघा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 खाली जी अनुसूचित झाडं आहेत त्यांत फणस येतो. आंबा, साग, खैर, ऐन, किंजळ, बिबळा हीसुद्धा त्याच यादीत. झाड वाऱ्यानं पडलं असलं तरी तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या, पडलेल्या स्थितीतले फोटो काढून ठेवा, आणि गिरणीपर्यंत न्यायच्या आधी वनक्षेत्रपाल कार्यालयात वाहतूक पासाचं विचारा. अर्ध्या वाटेत टेम्पो अडवला तर पाऊस थांबणार नाही.

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. तोंडांना रंग लावून झाला, खोड वाशांवर घेतलं. तलाठी उद्या येतो म्हणालेत.

चाचपताना दोन गोष्टी कळल्या. जमिनीपासून चारेक फुटांवर सालीत बुजलेलं लोखंडी कडं सापडलं. आजोबा तिथे म्हैस बांधायचे. आणि मुळाकडून एक उभी चीर वर आलीय, दोन फुटांपर्यंत दिसते, पोस्टकार्ड आत जाईल इतकी. म्हणजे सलग नऊ फूट मिळत नाही. आता कुठला भाग कशाला ठेवावा?

शिवाय बहिणीचं म्हणणं, देव्हारा पुण्याला न्यावा, तिथे कसर लागणार नाही. बाबांना ते पटत नाही, पण निर्णय काहीही झाला तरी लाकडाला पुण्याची हवा मानवेल का? आणि फांद्यांचं काय करू? त्या जाळायला जीव होत नाही.

रंधा

चीर झाड कोसळताना पिळवटून पडलेली असणार. डोळ्यांना दोन फूट दिसते तर आत तीन फूट धरा. कड्याच्या खाली-वर वीतभर सोडून द्या, लोखंडाचा काळा डाग रेषेनं वर चढलेला असतो. म्हणजे बुडाकडचे साडेचार-पाच फूट गेले असं समजू नका, फक्त त्यातून अखंड काही मागू नका. चिरेच्या दोन्ही अंगांनी आखूड फळ्या निघतील. देव्हाऱ्याची बैठक, पायऱ्या, कळसाचे तुकडे ह्यांना लांब फळी लागतच नाही.

कड्याच्या वरचा जो साफ भाग आहे त्यातून आधी पखवाजाचा तुकडा काढा, तो सगळ्यांत अडून बसणारा. त्याला घेर पुरेसा आहे आणि वरून मोकळीक आहे. त्याच्या वर फांदीपर्यंत जे उरेल ते देव्हाऱ्याचे खांब आणि चौकटी.

पुण्याचं म्हणाल तर लाकूड कुठेही श्वास घेतं. कोकणच्या पावसात फुगेल, पुण्याच्या उन्हाळ्यात आक्रसेल. त्यावर उपाय सुतारकामात आहे. मागची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवायची, तिला खिळा नाही, सरस नाही. तिला हलायला जागा असली की ती फाटत नाही. जुन्या दारांच्या दिलह्या, म्हणजे चौकटीतल्या फळ्या, अशाच बसवलेल्या असतात, तुमच्या पुढच्या दारात बघा. आणि पांढरा भाग देव्हाऱ्यात अजिबात घेऊ नका. वाळवी आणि भुंगेरे फणसाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाहीत, पांढऱ्याला मात्र आधी पकडतात. तुमचा जुना देव्हारा कुठल्या लाकडाचा होता आणि कसर नेमकी कुठून शिरली, हे तो मोडायच्या आधी पाहून ठेवा. सुताराला तेवढंच दाखवलंत तरी तो सावध होईल.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याही घरी फणसाचा देव्हारा आहे. रंगाचा रोगण देऊ नका, एवढीच विनंती. जवसाचं तेल फडक्यानं पातळ पातळ द्या, मध्ये नीट वाळू द्या आणि शेवटी मधमाशीचं मेण घासा. पिवळा रंग उजेडात हळूहळू तांबूस होतो, ते घाईनं झाकू नका. कुणी काजूच्या टरफलाचं तेल सुचवेल. ते होडीला आणि वाशांना वाळवीसाठी चांगलं, पण कातडी भाजते. जिथे रोज हात लागतो, निरांजन लागतं, तिथे नकोच. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा केलेली फडकी आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

फांद्यांमध्ये वाकडं वाढलेलं लाकूड फार ताणाचं असतं, त्याच्या फळ्या काढल्यात तर पिळतील. आखूड तुकडे करून कातकामाला, म्हणजे चरकावर फिरवून गोल वस्तू घडवायला, द्या. सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि लाखेचं काम होतं. तिथलं परंपरेचं लाकूड म्हणजे पांगारा, हलका आणि मऊ. तो मिळेनासा झाल्यावर आंबा वापरतात. फणस चरकावर छान कातला जातो. समईखालची बैठक, हळदी-कुंकवाचे करंडे, देवाचे छोटे पाट होतील. लाटण्याला मात्र नको, तिथे शिसवासारखं जड लाकूडच हाताला बरं वाटतं.

चौताल

एक राहिलं. खोड कोरून झाल्यावर बाबांना स्वतः घेऊन जा आणि जाडी ठरवताना त्यांच्या हातात द्या. वजन कमी करायच्या नादात भिंत फार पातळ केली तर वाद्या ओढल्यावर काठ वाकतो आणि सूर एका गट्ट्यापासून (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यापासून) दुसऱ्यापर्यंत सारखा राहत नाही. काठाला जाडी ठेवायची, पोटात कमी करायची. चांगला कोरणारा हे जाणतो, पण तुम्ही हलका हवा म्हणून आग्रह धरलात तर तो तुमचं ऐकेल.

आणि पहिली पुडी चढवली की लगेच पट्टीत ओढायला सांगू नका. खोड एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघू दे. तोवर थोडं खाली लावून रोज वाजवा.

माजघर

आत्ताच बाबांना सगळं वाचून दाखवलं. दिलह्यांचं ऐकल्यावर ते उठून पुढचं दार बघून आले. खरंच मोकळ्या आहेत, बोटानं दाबल्या की हलतात.

पखवाजाचा तुकडा सव्वातीन फुटांचा खुणेनं आखून ठेवलाय. पास मिळाला की गिरणीत जाणार. रत्नागिरी-सिंधुदुर्ग किंवा मिरज-सांगलीकडे ओलं खोड कोरून देणारे कारागीर कुणाच्या पाहण्यात असतील तर गाव तेवढं सांगा. चौकशी आम्ही स्वतः जाऊन करू.