सूर्याच्या उष्णतेने कार्बन डायऑक्साइडचे विघटन: सेरिया घ्यावा की पेरोव्हस्काइट?

नळीभट्टी:
नमस्कार. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी धातूंच्या अशा ऑक्साइडांवर काम सुरू करते आहे, जी एकवटलेल्या सूर्यप्रकाशात तापवल्यावर ऑक्सिजन सोडतात आणि नंतर तोच कार्बन डायऑक्साइडकडून परत घेऊन मागे कार्बन मोनॉक्साइड ठेवतात. आमच्याकडे आरसे नाहीत. १५०० अंश सेल्सिअसपर्यंत जाणारी विजेची भट्टी आणि टीजीए, म्हणजे तापवताना वजनातला बदल मोजणारे यंत्र आहे. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीजचा पेरोव्हस्काइट (एका ठरावीक स्फटिकरचनेचा मिश्र ऑक्साइड) सेरियापेक्षा, म्हणजे सेरियमच्या ऑक्साइडापेक्षा, कमी तापमानाला कितीतरी जास्त ऑक्सिजन सोडतो, असे वाचले. मग बहुतेक जण सेरियालाच का धरून बसले आहेत? नऊ महिन्यांत काही हाती लागायचे असेल, तर काय निवडावे?

जुनी मूस:
सेरिया घ्यावा. ऑक्सिजन सोडणे हे निम्मेच काम आहे. पेरोव्हस्काइट तो जितक्या सहज सोडतो, तितकाच परत घेताना अडून बसतो. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात त्याच्यावरून गरजेच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड वाहवावा लागतो, आणि बाहेर येणाऱ्या मिश्रणात मोनॉक्साइड इतका विरळ असतो की तो वेगळा काढण्यातच कमाई संपते. सेरिया १५०० अंशांना थोडाच ऑक्सिजन सोडतो, पण ९०० अंशांच्या आसपास तो भराभर परत घेतो, आणि या येरझाऱ्यांत त्याची स्फटिकरचना टिकून राहते.

हा 'थोडा' म्हणजे किती, ते एकदा हाताने मांडून पाहा. सेरियाच्या दर रेणूमागे ऑक्सिजनचे सरासरी ०.०४ अणू सुटले, तर एक किलो सेरियातून एका फेरीत जेमतेम पाच लिटर मोनॉक्साइड मिळतो. त्याच्या ज्वलनातून सुमारे ६६ किलोज्यूल येतील, पण तो एक किलो ९०० वरून १५०० अंशांना नेण्यासाठीच साधारण २८० किलोज्यूल लागतात. माझ्या मते खरी अडचण या दरीत आहे, आणि थंड होताना सुटणारी उष्णता परत वापरता आली नाही तर नवा पदार्थ शोधूनही फार काही साधत नाही.

पदार्थ तोच ठेवूनही किती पल्ला गाठता येतो, हे झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील कामात दिसते. तेथील व अमेरिकेतील संशोधकांच्या २०१० च्या प्रयोगात सूर्याची एक टक्क्याहून कमी ऊर्जा इंधनात उतरली होती. २०१७ मध्ये हा आकडा ५.२५ टक्क्यांवर गेला, तोही सेरियावरच. बदलला होता तो मुख्यतः त्याचा घाट: मोठ्या छिद्रांतून प्रकाश आत खोलवर जाईल आणि भिंतींतल्या बारीक छिद्रांत वायूला भरपूर पृष्ठभाग मिळेल, असा स्पंजासारखा ठोकळा.

टिकली:
वरील मताशी सहमत आहे. जस्ताच्या ऑक्साइडाचे नाव वाचनात येईल, पण तेथे जस्त वाफ होऊन बाहेर पडते आणि झटकन थंड केले नाही तर वाटेतच पुन्हा ऑक्सिजनशी जुळते, म्हणून आपण त्या वाटेला जाऊ नये.

एक अनुभव सांगतो. सेरियाची टिकली मी थेट अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत ठेवून आर्गॉन या निष्क्रिय वायूत तापवली होती. एवढ्या उष्णतेत आणि ऑक्सिजनच्या अभावात दोघांची अभिक्रिया झाली आणि टिकली तळाला अशी चिकटली की छिन्नीने खरवडावी लागली. मधे प्लॅटिनमचा पत्रा ठेवावा. फिकट पिवळी टिकली निळसर काळी होऊन बाहेर आली आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये पुन्हा पिवळी झाली, तर चक्र चालते आहे असे समजावे.

नळीभट्टी:
आभारी आहे. सेरियात थोडे झिर्कोनियम मिसळले तर?

जुनी मूस:
ऑक्सिजन जास्त सुटेल, पण परत घेताना थोडी पेरोव्हस्काइटसारखीच कुरकुर सुरू होईल. नऊ महिन्यांसाठी हा विषय मात्र उत्तम आहे: शुद्ध सेरिया आणि दोन-तीन प्रमाणांची मिश्रणे एकाच तापमानाला, एकाच वायुप्रवाहात तपासावीत. १०० मिलिग्रॅममागे वजनाचा फरक ०.३७ मिलिग्रॅमच्या आतबाहेर असेल, त्यामुळे रिकाम्या मुशीची फेरी आधी घेऊन ती वजा केल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये. भट्टीशेजारी मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवसापासून असावा; या वायूला वास नसतो.