एका रात्रीचा व्हीसीआर

परवा भाच्यानं मोबाइलवर पिच्चर लावला, दहा मिनिटांत बंद केला, दुसरा लावला, तोही बंद. "बोर आहे मामा." आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावात पिच्चर बोर आहे म्हणून उठून गेलेला माणूस मी पाहिला नाही. वर्गणी दिली होती ना! कापसाचे चुकारे निघाले की पैसे गोळा व्हायचे आणि बैलबंडीत कुटार अंथरून भाड्याचा टीव्ही-व्हीसीआरचा सेट यायचा, कॅसेटीवरचे पिच्चर रात्रभर पाहायला. तुमच्याकडे कसं होतं? लिहा.

वरुडकडून

सेट म्हणजे कलर टीव्ही, व्हीसीआर, तीन कॅसेटी आणि दुकानदाराचा पोऱ्या. पोऱ्याशिवाय मशीन मिळतच नसे. आमची खरी अडचण लाइनची. रात्री संत्र्याच्या बागांना पाणी सुरू असलं की व्होल्टेज पडायचं, चित्र आकसून जायचं. मग आम्ही पोट्टे टॉर्च घेऊन विहिरी-विहिरींवर, "काका, दोन घंटे मोटर बंद ठेवा न." एक जण म्हणाला, "ठेवतो, पन मी वर्गनी नाही देत." घेतला त्याला फुकट.

मध्येच पडद्यावर मुंग्या यायच्या. पोऱ्या मशीनचं झाकण उघडून विचारायचा, "कोरी नोट आहे का कोनापाशी?" सगळा मांडव खिसे चाचपायचा. एकदा एका काकांनी दहाची करकरीत नोट काढली. पोऱ्यानं ती हेडवर (कॅसेटची पट्टी वाचणाऱ्या भागावर) अलगद फिरवली, चित्र लख्ख झालं, आणि नोट त्याच्याच खिशात गेली. काका मांडवात भांडायला लाजले, पण पुढं आठवडाभर त्याच्या नावानं बोटं मोडत होते.

वाशीम जिल्ह्यातून

मी दुकानदार होतो, तेव्हा दुसरी बाजूही ऐका. कॅसेट रिवाइंड करून आणा अशी पाटी लावली होती, ती कोणी वाचली नाही. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी यायची. कॅसेट 180 मिनिटांची, पिच्चर त्याहून लांबला की उतरवून देणारे गाणी कापायचे आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडायचं, "गानं कुठं गेलं?" पुढं सीडी आली. एका सीडीत सव्वा तासाच्या आसपास मावायचं, म्हणून एका पिच्चरच्या दोन-तीन सीड्या, अन् ओरखडा नेमका शेवटचीवर. 2007 च्या सुमारास बाजारात 28 रुपयांत नवीकोरी सीडी मिळायला लागली. माझं भाडं 10 रुपये, वर डिपॉझिट. कोण येतो मग? काही वर्षं मेमरी कार्डात पिच्चर भरून दिले (कायद्यात बसत नव्हतं, कशाला लपवू). सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, तेही संपलं. त्याच वर्षी जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. ती बातमी वाचली आणि आश्चर्यच वाटलं, तोवर कोणी बनवत होतं! आता त्याच गाळ्यात झेरॉक्स आणि सातबारा.

वडसा-देसाईगंजकडून

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, व्हीसीआर पाहुण्यासारखा आला अन् गेला. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) भरली की रात्री नाटक, ते आजही तिकीट लावून होतं आणि लोक पहाटेपर्यंत बसतात. बाकी चालू द्या.

पुसदकडून

पहिली कॅसेट देवादिकांची. म्हाताऱ्या टीव्हीला हात जोडायच्या आणि दुसरीला तिथंच कलंडायच्या. तिसरी लागायच्या आत बाबा म्हणायचे, "चला, उद्या वेचणी आहे." त्यामुळे तिसरा पिच्चर मी नेहमी गोधडीतून ऐकला. पोरांना मुभा होती, आम्हा पोरींना नाही, हा राग अजून आहे. त्यातला एक डोक्यातून जात नाही. गाडी सुटते, बाई कोणाला तरी हाक मारते, मग लांबलचक शिट्टी, आणि तेवढ्यात लाइन गेली. मांडवात एकच गलका. सकाळी कापूस वेचता वेचता सगळ्या बायांना विचारलं, पुढं काय झालं? लाइन आलीच नव्हती. दिवस उजाडला तसा पोऱ्या सेट घेऊन गेला. आता मोबाइलवर सगळे पिच्चर आहेत म्हणतात, पण मला नावच माहीत नाही. काळं-पांढरं होतं की रंगीत, तेही नाही. हिंदी होता, बाईचा आवाज जरा घोगरा होता. कोणाला एवढ्यावरून ओळखू आला तर सांगा.