मदत हवी आहे : सहावी ते आठवीच्या मुलांना उन्हाळ्यात काय वाचायला द्यावं?

नमस्कार. मी जालन्यात एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत मराठी शिकवते. सुट्टी लागायच्या आत सहावी ते आठवीच्या मुलांच्या हातात एकेक पुस्तक द्यायचं आहे. दुपारी बाहेर पाय टाकवत नाही इतकं ऊन. त्या वेळी घरातला मोबाइल सोडून वाचावंसं वाटेल असं काही हवं.

अडचण अशी की सगळी मुलं सारखं वाचत नाहीत. सातवीतला एक मुलगा ओळीखाली बोट ठेवून वाचतो, जोडाक्षर आलं की थांबून माझ्याकडे बघतो. त्याच्या शेजारची मुलगी मात्र बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट न अडखळता वाचते आणि विचारते, "टीचर, थोरल्या भावाचं काय चुकलं?" दोघांनाही रमवेल असं काय द्यावं?

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातले निवडक प्रसंग द्यावेत असं फार वाटतंय. भाषा घरातल्यासारखी आहे, पण जुने शब्द मुलांना जड जातील का? वर्गात कुणी वाचून घेतलं असेल तर कोणते प्रसंग जमले ते सांगा. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या कविताही मनात आहेत.

वर्गात ख्रिस्ती नसलेली मुलंही आहेत, त्यामुळे नुसता उपदेश नको, गोष्ट हवी. शंभर पानांच्या आत, मोठ्या टायपातलं, स्वस्त असेल तर फारच बरं. मराठवाड्यातल्या गावाची, शेताची गोष्ट असेल तर आधी तीच सांगा.